‘सहा वर्षं लिव्हरवर घालवली, आता सोडू का?’

पत्राचा सारांश (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत):

वय ३०. मूळची फलटण तालुक्यातली, सध्या पुण्यात पाषाणला खोली घेऊन राहते. एका संशोधन संस्थेत जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करतेय, सहावं वर्ष संपत आलंय. विषय असा: उपाशी असताना यकृत चरबी कशी हाताळतं आणि त्यात एका प्रथिनाचं काम काय. हेप-जी-टू पेशींमध्ये (लॅबच्या डिशमध्ये वाढवतात त्या माणसाच्या यकृतपेशी) हे प्रथिन वाढवलं की चरबी कमी झालेली दिसते. उंदरांमध्ये मात्र कधी दिसते, कधी नाही. उंदराच्या यकृतातून जिवंत पेशी वेगळ्या काढायला शिकण्यात पहिलं वर्ष गेलं. आता लॅबमध्ये नव्या मुलांना ते तीच शिकवते आणि त्यांच्या रिपोर्टांचं लिखाणही तीच दुरुस्त करून देते (‘यात मात्र वेळ कसा जातो कळत नाही’). पाच वर्षांची फेलोशिप संपली. एका प्रोजेक्टमधून थोडे पैसे मिळतात, तेही मार्चपर्यंत. गाईड म्हणतात, ‘अजून एक बॅच कर, चांगल्या जर्नलला जाईल.’ हिंजवडीतल्या एका कंपनीने नोकरी देऊ केली आहे: औषधांच्या चाचण्यांचे अहवाल लिहिण्याचं काम, महिन्याभरात रुजू व्हायचं. वडील ती एम.एस्सी.ला असताना लिव्हर सिरॉसिसने गेले; घरी आता आई आणि भाऊ. अंगाने बारीक, मधुमेह जुना. माळकरी होते, दारूला कधी शिवले नाहीत. तरी गावात कुजबुज झालीच. त्यांच्यासाठी हा विषय घेतला. ‘सोडलं तर बाबांना दिलेला शब्द मोडल्यासारखं होईल आणि सहा वर्षं पाण्यात जातील. राहिले तर पदरात काय पडणार ते कळत नाही. आई फोनवर विचारते, सापडलं का गं औषध? सर जीवरसायनशास्त्रज्ञ कमलाताई सोहोनींचं उदाहरण देतात. नोकरी म्हणजे पळवाट वाटते. ताई, मी संशोधनाला लायकच नाही का?’

शेवटचा प्रश्न आधी घेते. ‘नाहीच’ असं मनाशी धरून तू बाकीचं सगळं पत्र लिहिलंयस, आणि ते तसंच राहिलं तर पुढचा कुठलाही सल्ला तुला लागू पडायचा नाही. पेशींत दिसतं, उंदरांत दिसतं-न दिसतं, म्हणजे खोट माझ्याच हातात, असा तुझा हिशेब आहे. मी बरीच वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं, मुलांच्या लॅबच्या वह्या तपासल्या. तुझं ते वाक्य वाचून मला पहिला संशय आला तो घड्याळाचा.

यकृत तासातासाला बदलतं, हे तुला मी सांगायला नको. माणसाचं यकृत दीडेक किलोचं. त्यात ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, मावतं साधारण शंभर ग्रॅम, आणि एकट्या मेंदूलाच दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज लागतं. म्हणून रात्रीचं जेवण जिरलं की पहाटेपर्यंत यकृताचा सगळा कारभार पालटलेला असतो: साठा उतरणीला, नवं ग्लुकोज तयार करणं सुरू, अंगावरच्या चरबीतून सुटलेली आम्लं आत येतायत, काही जळतायत, काही थेंब होऊन पेशीत साठतायत. उंदरात हे सगळं आणखी वेगाने घडतं. शिवाय उंदीर बहुतेक खाणं रात्री खातो. संध्याकाळी खाणं काढून सकाळी यकृत काढलंस, तर तो उंदीर त्याच्या जेवणाच्या ऐन वेळेत उपाशी राहिलेला असतो; त्याचं ग्लायकोजेन जवळजवळ संपलेलं आणि यकृतातली चरबी उलट वाढलेली. सकाळी खाणं काढून दुपारी यकृत काढलंस तर चित्र निराळं. वहीत मात्र दोन्हीकडे एकच शब्द असतो, ‘फास्टेड’.

आणि एका बॅचचे उंदीर एकाच क्षणी सॅक्रिफाइस होत नाहीत, म्हणजे यकृत काढण्यासाठी एकदम मारले जात नाहीत. पहिला साडेनऊला होतो, शेवटचा जेवणाची सुट्टी होऊन गेल्यावर. बऱ्याच लॅबमध्ये मुलं आधी कंट्रोलचे, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांचे, पिंजरे उरकतात आणि मग प्रयोगाचे, कारण तसं लक्षात ठेवायला सोपं जातं. म्हणजे दोन गटांत प्रथिनाचा फरक आहेच, वर तीन-चार तासांच्या उपासाचाही आहे. तुझ्या विषयाच्या नावातच ‘उपाशी’ आहे. ज्या फरकाला तू सहा वर्षं ‘कधी दिसतो, कधी नाही’ म्हणतेयस, तो निदान काही अंशी इथून आला असण्याची दाट शक्यता आहे.

नवी बॅच लावण्याआधी जुन्या वह्या काढ. प्रत्येक उंदरासमोर लिही: खाणं किती वाजता काढलं, कुणी काढलं, तेव्हा भुसा बदलला होता का (भुशात सांडलेले कण उंदीर रात्रभर वेचून खातो आणि आपण त्याला उपाशी समजतो), ॲनिमल हाऊसचे दिवे किती वाजता लागत होते, सॅक्रिफाइसचा क्रम काय होता. मग चरबीचे आकडे गटानुसार न मांडता उपासाच्या तासांनुसार मांडून बघ. याला ना नवे उंदीर लागतात, ना एथिक्स कमिटीची नवी मंजुरी. आकड्यांत काही शिस्त दिसली तर तो तुझ्या थिसिसमधला सगळ्यात भक्कम भाग ठरेल. नाही दिसली, तर ‘हेही तपासलं’ असं तू व्हायवात ठामपणे सांगू शकशील.

हेप-जी-टूबद्दलही तेच. त्या पेशी एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीतून आल्या. साखर भरपूर असलेल्या द्रवात त्या वाढतात. त्यांच्याकडे चरबी पाठवायला पोट नाही, मांड्या नाहीत. २००५ साली फॅटी लिव्हरच्या रुग्णांमध्ये यकृतातली चरबी कुठून येते हे खुणा केलेले अणू वापरून मोजलं गेलं: साधारण ५९ टक्के रक्तातल्या मुक्त स्निग्धाम्लांतून, म्हणजे मुख्यतः अंगावरच्या चरबीतून, २६ टक्के यकृताने स्वतः तयार केलेली, आणि १५ टक्के जेवणातली. डिशमध्ये यातला सगळ्यात मोठा रस्ता आपण बाहेरून ओलेइक आम्लासारखं स्निग्धाम्ल घातल्याशिवाय उघडतच नाही. त्यामुळे पेशी आणि उंदीर वेगवेगळं सांगत असतील, तर त्यातलं एक खोटं आणि एक खरं असं धरण्याआधी विचार: माझं प्रथिन चरबी तयार होण्याच्या वाटेवर काम करतंय का? तसं असेल तर डिशमध्ये त्याचा परिणाम ठळक दिसेल, आणि रात्रभर उपाशी उंदरात बाहेरून येणाऱ्या चरबीच्या लोंढ्यात तो बुडून जाईल. तुझ्याकडे ताज्या यकृतपेशी काढण्याचं कसब आहे. तो मधला दुवा तुझ्याच हातात आहे.

त्या कसबाबद्दल तू पत्रात एकच ओळ लिहिलीस. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भूल दिलेल्या उंदराच्या केसाएवढ्या शिरेत सुई सरकवायची, आणि तीही हवेचा एकही बुडबुडा आत न जाऊ देता. आधी कॅल्शियम नसलेला द्रव सोडायचा; तो नीट पोचला तर गर्द तांबडं यकृत बघता बघता फिकट मातकट होतं. एखादा कोपरा तांबडाच राहिला, तर तिथे द्रव गेला नाही असं समजायचं. मग कोलॅजेनेज हे पेशी सुट्या करणारं विकर सोडायचं, कमी पडलं तर पेशी सुटत नाहीत, जास्त झालं तर मरतात. शेवटी वरचं पातळ आवरण चिमट्याने फाडून हलकेच हलवलं की पेशी दुधाळ ढगासारख्या बाहेर येतात. त्या मोजायच्या, जिवंत किती ते बघायचं आणि पुढच्या काही तासांत कोलॅजेन लावलेल्या प्लेटवर बसवायच्या, कारण एक-दोन दिवसांत त्या यकृतपेशीसारखं वागणं सोडू लागतात. हे जिला येतं आणि इतरांना शिकवता येतं, तिने ‘मी लायक नाही’ असं लिहावं, हे मला मान्य नाही.

पण लायक असणं वेगळं आणि हेच आयुष्यभर करावंसं वाटणं वेगळं. ही दोन्ही तू एकत्र बांधली आहेस. तुझं पत्र मी पुन्हा वाचलं. त्यात प्रयोगांबद्दल थकवा आहे, सरांबद्दल धाक आहे, बाबांबद्दल ओझं आहे. आनंद फक्त एका ठिकाणी आहे, ज्युनियर मुलांचं लिखाण दुरुस्त करताना वेळ कसा जातो कळत नाही, तिथे. आणि हिंजवडीची नोकरी कसली आहे? लिहिण्याची. कच्चे आकडे, त्यांतला गोंधळ, त्यातून डॉक्टरांना आणि औषध नियंत्रकांना समजेल असा खरा, नेटका अहवाल. तिला तू ‘पळवाट’ म्हणतेस. का? कष्ट सोसल्याशिवाय केलेलं काम खरं नव्हे, असं कुठेतरी मनात बसलंय का? कदाचित तो तुझ्या आवडीचा रस्ता असेल. असेलच असं मी म्हणत नाही. पण त्याला आधीच गुन्हेगार ठरवून त्याच्याकडे बघू नकोस.

बाकावरचं, म्हणजे प्रयोगशाळेतलं, काम सोडणारे हरलेले असतात, ही समजूत तर सोडूनच दे. युरिया सायकल तू बी.एस्सी.ला पाठ केलीस. १९३२ साली फ्रायबुर्गला हान्स क्रेब्ज यांनी ती शोधली, यकृताचे पातळ काप घेऊन. ऑर्निथिन नावाचं अमिनो आम्ल घातलं की अमोनियाचा युरिया झपाट्याने होतो, हे त्यात दिसलं. चयापचयातलं हे पहिलं चक्र. त्यांच्याबरोबर ते सगळे काप आणि रीडिंगं घेणारा कुर्त हेन्सेलाइट वैद्यकीचा विद्यार्थी होता. पुढे तो रुग्ण तपासणारा डॉक्टर झाला. आज नव्वद वर्षांनंतरही पुस्तकांत ते चक्र क्रेब्ज-हेन्सेलाइट या दोन्ही नावांनी ओळखलं जातं, आणि दुसऱ्याने मैदान सोडलं असं कुणी म्हणत नाही.

सर ज्यांचं उदाहरण देतात त्या कमलाताईंची गोष्टही पूर्ण बघ. १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांना बाई म्हणून प्रवेश नाकारला गेला, त्या हटून बसल्या, वर्षभराच्या अटीवर आत गेल्या. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली ती वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सी वर. तो विषय घेऊन त्या जन्मभर बसल्या नाहीत. मायदेशी परतल्यावर त्यांनी कडधान्यं आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर काम केलं, कारण इथल्या कुपोषित मुलांना आणि बायकांना त्याचा उपयोग होता. दार उघडून घेण्यासाठी त्या अडून बसल्या, आणि आत गेल्यावर विषय बदलताना त्यांना कमीपणा वाटला नाही. ‘अजून एक बॅच कर’ यासाठी त्यांचं नाव वापरणं बरोबर नाही.

आता माझं स्पष्ट मत. पुढे नोकरी कर, पोस्टडॉक कर, फलटणला कॉलेजात शिकव, काहीही कर. थिसिस मात्र सादर कर. आणि तो या वर्षात सादर कर. सहाव्या वर्षाच्या शेवटी डिग्री सोडणारीला पुढे प्रत्येक मुलाखतीत तेच एक स्पष्टीकरण द्यावं लागतं, आणि ते देऊन देऊन माणूस स्वतःच त्यावर विश्वास ठेवायला लागतो.

यूजीसीचे नोव्हेंबर २०२२ चे पीएच.डी.चे नियम तू वाचलेस का? वाचले नसशील तर आज रात्री वाच. कमाल मुदत सहा वर्षं, पुनर्नोंदणी करून आणखी दोन, आणि महिलांना त्याहून दोन वर्षांची सवलत. मोजणी पीएच.डी.च्या प्रवेशाच्या तारखेपासून होते, लॅबमध्ये पाऊल टाकलं त्या दिवसापासून नाही. तुझ्या पत्रातलं ‘सहावं वर्ष’ यातलं कुठलं, ते आधी बघ. जुनी नोंदणी असेल तर कोणते नियम लागू होतात, ते पीएच.डी. विभागाला ईमेल करून विचार आणि उत्तर लेखी घे. याच नियमांनी थिसिसआधी पेपर छापून आलाच पाहिजे ही सक्ती काढली. तुझ्या विद्यापीठाने किंवा संस्थेने स्वतःची अट ठेवली असेल तर ती वेगळी, तीही तपास. पण सरांचं चांगलं जर्नल आणि तुझा थिसिस या दोन गोष्टी आहेत. पेपर थिसिसनंतरही जातो.

सर वाईट आहेत असं मला वाटत नाही. त्यांनाही पुढच्या ग्रँटसाठी चांगला पेपर दाखवावा लागतो, आणि लॅबमध्ये पर्फ्युजन (यकृतात द्रव सोडून पेशी काढणं) नीट येणारी तूच एक आहेस. त्यांची गरज खरी आहे. मात्र तिची किंमत तुझ्या बिनपगारी वर्षाने चुकवायची का, हे त्यांच्याशी उघड बोलावं लागेल, आणि बोलताना हातात कागद हवा. दोन पानं पुरेत. पहिल्यावर प्रकरणांची यादी, प्रत्येकासमोर ‘झालं’, ‘लिहायचं राहिलं’, ‘प्रयोग राहिला’. दुसऱ्यावर महिने, आणि मार्चनंतर पैसे कुठून येणार हा प्रश्न तसाच्या तसा लिहिलेला. त्यांना म्हण, ‘सर, मला अमुक महिन्यात सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा सारांश, द्यायचा आहे. त्यासाठी यातला कुठला प्रयोग खरंच लागेल आणि कुठला पेपरसाठी आहे?’ ते ‘बघू’ म्हणाले तर रडू नकोस, भांडू नकोस. सल्लागार समितीची बैठक कधी ठेवायची, एवढंच विचार. ती समिती यासाठीच असते आणि मुलं तिला वर्षातून एकदा सही करण्यापुरतीच भेटतात, याचं मला फार वाईट वाटतं. उंदरांतला परिणाम स्थिर नाही, हे थिसिसमध्ये जसंच्या तसं लिहिता येतं. चांगला परीक्षक प्रथिन चाललं की नाही यापेक्षा तू ते कसं तपासलंस हे बघतो.

हे वाचणाऱ्या गाईड मंडळींना एक विनंती. सीएसआयआर-यूजीसीची फेलोशिप पाच वर्षांची असते, हे तुम्हाला विद्यार्थ्याइतकंच माहीत असतं. चौथं वर्ष संपताना त्याला समोर बसवून ‘पुढचे पैसे कुठून’ हे बोला. फेलोशिपच्या महिन्याच्या बेचाळीस हजारांवर खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे पैसे बसवणारी मुलं हा विषय स्वतःहून काढत नाहीत, त्यांना लाज वाटते.

कंपनीचं बघू. एचआरला या आठवड्यातच लिही की काम आवडलं आहे, थिसिस सादर करण्याच्या टप्प्यावर आहे, तीन महिन्यांनी रुजू झाले तर चालेल का. अशा कामांत डॉक्टरेट असलेलं माणूस त्यांनाही हवं असतं, त्यामुळे विचारायला संकोच नको. नाही म्हणाले तर दोन गोष्टी तोलून बघ. घरी भावाची फी, आईचा दवाखाना असं काही तुझ्या पैशांवर अडलं असेल तर जा, बिनदिक्कत जा. पण जाण्याआधी सिनॉप्सिसचं सादरीकरण उरकून घे, आणि सगळा डेटा, वह्यांच्या प्रती सरांच्या लेखी परवानगीने हाताशी ठेव. घर तुझ्याविना चालू शकत असेल, तर ही नोकरी गेली तरी जाऊ दे. पाषाणहून हिंजवडी नकाशावर जवळ दिसतं. संध्याकाळी वाकडच्या रांगेत अडकून आठ वाजता खोलीवर आल्यावर चौथं प्रकरण उघडणं फार थोड्यांना जमतं. ‘फक्त सबमिशन राहिलंय’ म्हणत वर्षं काढणारी माणसं पुण्यात कमी नाहीत.

पोस्टडॉकचं आत्ता ठरवू नकोस. माहिती मात्र असू दे: रिसर्च असोसिएटला सध्या सुरुवातीला ५८ हजार आणि घरभाडं भत्ता मिळतो, नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप दोन वर्षांची असते आणि तिच्या वयाच्या अटीत महिलांना सूट आहे, मध्ये खंड पडलेल्या बायकांसाठी वाइज-किरणसारख्या सरकारी योजना आहेत. कंपनीत गेलीस की दार कायमचं बंद होतं, असं नाही. अवघड होतं, हे खरं.

त्याऐवजी थिसिस लिहिता लिहिता माणसं भेट. एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) आवारात नव्या कंपन्यांना आधार देणारं व्हेंचर सेंटर आहे, तिथे छोट्या बायोटेक कंपन्यांतली तुझ्याच वयाची मुलं सापडतील. रुग्णालयांच्या संशोधन विभागांत, पेटंटचं काम करणाऱ्या फर्ममध्ये, डायग्नोस्टिक लॅबमध्ये तुझे सिनियर असतीलच. त्यांना पगार किंवा ‘स्कोप’ विचारू नकोस. ‘काल दिवसभर काय केलंस?’ एवढंच विचार आणि ऐकून घे. त्यातला कुठला ‘काल’ तुला आपला वाटतो, ते बघ. आणि स्वतःचे पंधरा दिवसही तसेच लिहून काढ: आज कुठल्या तासाला मन लागलं, कुठल्या तासाला घड्याळाकडे बघत होतीस. यकृताचा विषय आवडतो म्हणजे यकृतावरचं बाकावरचं काम आवडतं, असं होत नाही.

बाबांचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण तिथे घाई नको.

तू त्यांना शब्द दिलास म्हणतेस. काय शब्द दिलास, ते पत्रात नाही. त्यांनी मागितला होता का, तेही नाही. मला वाटतं, दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून तो तू स्वतःलाच दिलास. असा शब्द माणूस दुःखात देतो, आणि तेव्हा त्याला औषध निघायला किती माणसं आणि किती वर्षं लागतात हे ठाऊक नसतं. आता तुला ठाऊक आहे. यकृतात काम करणाऱ्या थायरॉइड संप्रेरकाच्या ग्राहकाचं (पेशीतल्या रिसेप्टरचं) जनुक १९८६ साली सापडलं. त्याच ग्राहकावर काम करणारं रेस्मेटिरोम फॅटी लिव्हरच्या पुढच्या टप्प्यावरचं औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं मार्च २०२४ मध्ये. आपल्याकडे अहमदाबादच्या झायडसचं सारोग्लिटाझार २०१३ मध्ये आधी मधुमेहींच्या रक्तातल्या चरबीसाठी आलं, आणि २०२० मध्ये फॅटी लिव्हरच्या सुजेसाठी त्याला परवानगी मिळाली. आईने पुन्हा विचारलं तर हे सांग. ‘आई, औषधं निघायला लागलीत. शेकडो माणसं वर्षानुवर्षं थोडं थोडं करतात, त्यातलं थोडं मी केलं.’ तिला हे कळेल. कारखान्याची साखरही एका माणसाच्या उसाची होत नाही, हे फलटणच्या बाईला तू शिकवायला नको.

गावातली ती कुजबुज मात्र मला खटकली. तिचं उत्तर द्यायला नव्या संशोधनाची वाट बघायला नको, पुण्यातच ते झालेलं आहे. केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९३ पासून केला, आणि दिसायला बारीक पण आतून चरबी जास्त असलेली भारतीय मुलं जगापुढे आणली. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या अंगात २१.२. तुझे बाबा बारीक होते, त्यांना मधुमेह जुना होता. अशा माणसाचं यकृत दारूचा थेंब न घेता चरबीने, मग सुजेने, मग व्रणांनी निकामी होऊ शकतं. हे तुला कळतं, गावातल्या बहुतेकांना कळत नाही. वारीहून माणसं परत आली की देवळात अर्धा तास माग. गळ्यात माळ असलेल्या माणसांना सांग की शुगर असेल तर वर्षातून एकदा लिव्हरही तपासा. बाबांसाठी करायचंच असेल, तर हे पीएच.डी. पुरी होण्याआधीही करता येईल.

सुरुवात घरातून कर. फॅटी लिव्हरमधून सिरॉसिस झालेल्या माणसाच्या जवळच्या नातेवाइकांना धोका जास्त असतो. तुझी, आईची आणि भावाची तपासणी कधी झाली आहे का? पत्रात उल्लेख नाही. तिघांचीही शुगर, रक्तातली चरबी, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट तपासून घ्या; त्यातल्या तीन आकड्यांवरून आणि वयावरून डॉक्टर फिब-फोर हा यकृतातल्या व्रणांचा अंदाज देणारा आकडा काढतात आणि पुढे फायब्रोस्कॅन (यकृत किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) लागेल का ते ठरवतात. एसजीपीटी नॉर्मल आलं म्हणून तिथेच थांबू नका, नॉर्मल असूनही आत चरबी असू शकते. सोनोग्राफीचं डॉक्टरांना विचारा. भाऊ बारीक आहे म्हणून त्याला वगळू नकोस. त्याला रविवारी फोन कर आणि सोमवारी सकाळी चहाही न घेता उपाशीपोटी जायला सांग.